डावीकडून आलेला माणूस

शिडी तिला दिसलीच नाही.

उजव्या काखेत गिऱ्हाइकांच्या कोटांचं गाठोडं घेऊन ती दुकानाच्या पायरीवरून उतरली, डावीकडे वळली आणि तिचा खांदा कशावर तरी धाडकन आदळला. वरून कुणीतरी "अहो, अहो, अहो—" म्हणालं. मग फर्रर्र करून कापड फाटलं. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. आणि दुसऱ्याच क्षणी एक सडपातळ, उंच तरुण तिच्या पायाशी फूटपाथवर बसलेला होता, डोक्यावरून लांबलचक कापडी फलक ओढून, नव्या नवरीसारखा.

"अगंबाई! लागलं का हो?"

"मला नाही," तो फलकाखालून म्हणाला. "डोळ्याला लागलंय."

ती झटकन खाली वाकली. पण त्याने फलक बाजूला केला तेव्हा त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते, उलट जरा जास्तच मिश्कील होते. तो बोट दाखवत होता ते फलकावर रंगवलेल्या भल्यामोठ्या डोळ्याकडे. बुबुळाच्या बरोबर मधोमध वीतभर चीर गेली होती.

"तुम्हाला शिडी दिसली नाही?" कपडे झटकत त्याने विचारलं. "पिवळीधम्मक आहे. माझ्या दुप्पट उंच."

"हातात गाठोडं होतं ना..."

"गाठोडं तर उजवीकडे आहे."

तो हसतच म्हणाला. पण त्याची नजर तिच्या डाव्या डोळ्यावर क्षणभर जास्तच रेंगाळली. हसणं संपलं तरी नजर तिथेच. तिने पदर उगीचच सारखा केला आणि फलक त्याच्या हातातून ओढून घेतला.

"मी फाडलंय, मीच सांधून देईन. परवा या."

"फलकाला रफू?"

"पाटी वाचा," ती म्हणाली. दुकानावर लिहिलं होतं, 'येथे सर्व प्रकारच्या कापडास रफू करून मिळेल.' तो आज्ञाधारकपणे वाचत राहिला, आणि ती गाठोडं सावरत निघून गेली. कोपऱ्यावर तिने थांबून एकदा मागे वळून पाहिलं. तो पडला म्हणून नव्हे. शिडी खरंच पिवळीधम्मक होती म्हणून.

चौकातल्या हॉस्पिटलात हा महिना नुसता जागृतीचा होता. पहिल्या आठवड्यात रक्तदानवाले फुगे वाटून गेले, दुसऱ्या आठवड्यात गळ्याच्या गाठींचं पथनाट्य झालं, आणि महिनाभर डोळे तर होतेच. "रोज उठून एकेका दुखण्याचा दिवस," तिचे बाबा म्हणायचे. "धडधाकट माणसाचा एखादा दिवस नाही का कुणी ठेवला?"

बाबा दुकानात आतल्या बाजूला बसत. एके काळी त्यांच्या हातची रफू कुणाला शोधून सापडायची नाही. आता अकरा वर्षं झाली, त्यांना दिसत नव्हतं. तरी ते रोज येत, कापडाच्या दुमडीतून एकेक धागा अलगद उपसून काढत आणि तिच्या हाती देत. धागा लोकरीचा की सुती, हे त्यांच्या बोटांना तिच्या डोळ्यांच्या आधी कळायचं.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी बसून तिने फलक मांडीवर घेतला. उभा धागा, आडवा धागा, एक वरून, एक खालून... बुबुळ हळूहळू भरत आलं. मग कापड सरकवताना खालची अक्षरं बोटांखाली आली.

'काचबिंदू. दुखत नाही. कळत नाही. कडेचं दिसणं आधी जातं. आई-वडिलांना असेल तर आजच तपासून घ्या. मोफत तपासणी महिनाअखेरपर्यंत.'

सुई बोटात घुसली. गेल्या कित्येक वर्षांत ती तिला टोचली नव्हती.

वकीलसाहेबांच्या कोटावर सांडलेला चहा, पेला डावीकडे होता. पोस्टातल्या दाराची चौकट, तीही डावीकडेच. शेजारच्या काकू "हाक मारली तर बघतसुद्धा नाहीस, चढलीस हो" म्हणून रुसल्या, तेव्हा त्या कुठून आल्या होत्या? तिने आठवायचं नाही असं ठरवलं आणि सगळं एकदम आठवलं.

"काय लिहिलंय गं फलकावर?" आतून बाबांनी विचारलं.

"रक्तदान," ती म्हणाली.

बाबांशी ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती.

परवा म्हटलं होतं, पण तो एक दिवस आधीच आला. मनातल्या मनात तिने त्याचं नाव शिडीवाला ठेवलं होतं. त्याने फलक उजेडात धरला, उलटासुलटा केला, नाकाला लावला.

"चीर कुठाय?"

"शोधा."

"नाही सापडत. खरंच नाही सापडत! मी डोळ्यांच्या हॉस्पिटलात कामाला आहे हो, रफूवाल्या बाई. माझी लाज गेली."

"बाई काय? तीस पण नाही झाले मला."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणायची वेळच येणार नाही. फलक झालाय. न्या."

पण वेळ आली. दोन दिवसांनी त्याच्या पांढऱ्या कोटाचा खिसा आला. मग बाही आली. मग दुसरा खिसा. तिसऱ्या खेपेला तिने शिवण बोटांवर पसरली आणि भुवई उंचावली.

"हा खिसा फाटलेला नाही. हा उसवलाय. कात्रीने."

"अरेच्चा..." तो छताकडे बघत म्हणाला. "हॉस्पिटलात उंदीर फार झालेत."

"कात्री वापरणारे?"

"शिकलेले आहेत. सरकारी नोकरी आहे त्यांना."

आत बाबा खुसुखुसु हसले. तिलाही हसू आवरेना. तो नेहमी उन्हाचा कवडसा चुकवून बसायचा, तिचा उजेड अडू नये म्हणून. बोलता बोलता थांबायचा आणि तिच्या बोटांकडे बघत राहायचा, आणि मग बोटं चुकायची. चुकल्यावर ती रागावायची, आणि तो म्हणायचा, "मी काय केलं? मी तर गप्प होतो." तो गेल्यावर दुकान उगाच मोठं वाटायचं.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती. तो कधीच डावीकडून यायचा नाही. हॉस्पिटल डावीकडे होतं, तरी वळसा घालून उजवीकडून यायचा. आणि पायरी चढण्याआधी खाकरायचा. तिने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. घरी मात्र ती रोज आरशासमोर उभी राहायची. उजवा डोळा हाताने झाकायचा. डाव्याने समोर बघत राहायचं. आणि दुसरा हात कानापासून हळूहळू पुढे आणायचा... बोटं कधी दिसतात ते पाहायला. रोज वाटायचं, काल यापेक्षा लवकर दिसली होती. ती हात खाली टाकायची आणि स्वयंपाकाला लागायची.

वीस तारखेला त्याने विषय काढला. आज खिसा नव्हता, बाही नव्हती. हात मोकळे होते, आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"एकदा तपासून जाल का?" तो हळू आवाजात म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम आहे. मीच ते मशीन चालवतो. तुम्ही... म्हणजे मला वाटतं, डावीकडचं तुम्हाला—"

तिने सुई टाचण्यांच्या गादीत खुपसली.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही पेशंट शोधायला येत होता?"

"नाही! तसं नाही..."

"महिन्याला किती आणायचे असतात? मी कितवी?"

त्याचा चेहरा पडला. त्याने आतल्या बाजूला बसलेल्या बाबांकडे पाहिलं. "मोफत तपासणी तीस तारखेपर्यंत आहे," एवढंच म्हणून तो गेला.

एकवीस. बावीस. तेवीस. पायरीवर कुणी खाकरलं की तिची मान वर व्हायची. भाजीवाला असायचा, नाहीतर वकीलसाहेबांचा नोकर. बरं झालं, ती स्वतःला सांगायची. आला असता तर परत तेच म्हणाला असता. पण रात्री अंथरुणावर दोन भीती तिच्या उशाशी येऊन बसायच्या. एक म्हणायची, डोळे जाणार. दुसरी म्हणायची, तो येणार नाही. कुठली जास्त मोठी ते तिला ठरवता येत नव्हतं, आणि त्याचीच तिला लाज वाटायची.

एकोणतीस तारखेला संध्याकाळी दुकान बंद करून ती बाबांना घेऊन निघाली. रोजचा रस्ता, रोजची वेळ. बाबांचा हात तिच्या कोपरावर. रस्ता ओलांडायला ती थांबली, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, म्हणजे पाहिल्यासारखं केलं, आणि पाऊल टाकलं.

"थांब!"

बाबांनी तिला इतक्या जोरात मागे खेचलं की दोघंही मागच्या एका बंद दुकानाच्या फळीवर आपटली. डावीकडून, उलट्या दिशेने आलेली मोटारसायकल तिच्या पदराला वारा घालून गेली. चालवणारा मागे वळून ओरडला, "आंधळी आहेस का?"

बाबांची काठी गटारात पडली होती. त्यांनी तिचं मनगट सोडलं नव्हतं.

"मला ऐकू आली," ते म्हणाले. "तुला दिसायला हवी होती."

ती पदर सारखा करू लागली.

"किती दिवस झाले?"

"बाबा, मी घाईत—"

"किती दिवस, पोरी?"

"वर्ष झालं असेल," ती म्हणाली. आणि म्हटल्याबरोबर तिथे, रस्त्याच्या कडेला, लोक येता-जाता बघत असताना तिला हुंदका फुटला. "आणि फलकावर रक्तदान नव्हतं लिहिलेलं."

"माहीत आहे. कापडावर रंगाचा थर बोटाला लागतो. एवढा मोठा डोळा काढून रक्त कोण मागतं?"

ते तिथेच बंद दुकानाच्या फळीवर बसले. तिला शेजारी बसवलं.

"तुला एक सांगायचं राहिलंय. तू आठवीत होतीस. डॉक्टरांनी मला तपासलं होतं तेव्हाच. थेंबांची चिठ्ठी दिली होती. म्हणाले, काचबिंदू आहे, रोज घाला, चुकवू नका. मी ती चिठ्ठी बटणांच्या डब्यात खाली घालून ठेवली."

"पण तुम्ही तर म्हणाला होता, अचानक गेली दृष्टी..."

"अचानक काही जात नाही गं. सगळं दिसत होतं, सुईत दोरा ओवत होतो. म्हटलं, कशाला उगाच आजारी म्हणवून घ्या. दुकान कोण चालवणार, गिऱ्हाईक काय म्हणणार... नुसती भीती. भीतीला मी दारात बसायला जागा दिली. ती घरात शिरली, आणि मीच अंधारात बाहेर." त्यांनी तिचा चेहरा चाचपला, ओले गाल अंगठ्याने पुसले. "तुझा चेहरा मला अकरा वर्षांपूर्वीचाच आठवतो. मी तुला रागावायला सांगतोय. खूप रागव माझ्यावर. पण उद्या जा."

तिला राग येईना. तिने गटारातून काठी काढली, पदराने पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

तपासणीच्या खोलीला खिडकी नव्हती. मधोमध अर्ध्या गोळ्यासारखं पांढरं मशीन होतं. शिडीवाला तिला बघून उभा राहिला. त्याच्या कोटाचा खिसा परत उसवलेला होता आणि कुणाकडे नेलेला नव्हता.

"आलात..."

"पेशंट म्हणून आलेय," ती म्हणाली. आवाज कडक करायचा होता, तो मध्येच फाटला.

"हनुवटी इथे टेकवा. कपाळ इथे." त्याचे हात अगदी बेताचे, कामापुरते. "समोर पिवळा ठिपका आहे. त्याच्याकडेच बघायचं. माझ्याकडे नाही."

"तुमच्याकडे कोण बघतंय?"

"कडेला बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं."

"आणि नाही दिसला तर?"

"नाही दाबायचं. सगळे दिवे कुणालाच दिसत नाहीत."

उजवा डोळा आधी. दिवे चांदण्यांसारखे इथे तिथे उगवत होते, तिचा अंगठा भराभर चालत होता. काहीच नाही, तिला वाटलं, उगाच घाबरले. मग त्याने उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली. खोलीतला दिवा परत विझवला.

एक दिवा. दोन. मग मशीनच्या पोटात बारीक खुट्ट झालं आणि दिवा आलाच नाही. पुन्हा खुट्ट. पुन्हा काही नाही. प्रत्येक दिव्याआधी तो आवाज होतो, हे तिला उजव्या डोळ्याच्या वेळी कळलं होतं. म्हणजे दिवा लागत होता. तिथे, तिच्या बाजूला, लागत होता आणि विझत होता. खुट्ट. खुट्ट. खुट्ट. अंगठा बटणावर तसाच पडून होता. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता.

"थांबवू का जरा?" त्याने विचारलं.

"थांबून दिवे वाढणार आहेत?"

"नाही."

"मग चालू राहू दे."

डॉक्टरबाईंनी कागद तिच्यासमोर ठेवला. उजव्या डोळ्याचं चित्र फिकट होतं. डाव्याच्या बाहेरच्या बाजूला शाई सांडल्यासारखा काळा डाग होता.

"एवढा भाग गेलाय. तो परत येणार नाही," त्या सरळच म्हणाल्या. "डोळ्यातला दाब वाढलाय. रोज संध्याकाळी थेंब, जन्मभर. दर तीन महिन्यांनी तपासणी."

"मी आंधळी होणार का?"

"शंभर टक्के शब्द मी कुणालाच देत नाही. पण उरलंय ते राखता येतं. थेंब चुकवले नाहीत तर बहुतेक रफू करता करताच म्हातारी व्हाल."

ती बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली. संध्याकाळचे सहा वाजले होते. झाडूवाल्या मावशी जागृतीच्या पताका उतरवून पोत्यात भरत होत्या. औषधाची बाटली तिने मुठीत घट्ट धरली होती. टोपण काढलं, मान वर केली, एक थेंब गालावर पडला. दुसरा नाकावर. तिसरा पापणीवरून घसरून कानाकडे गेला. घरी कोण घालणार? बाबांच्या बोटांना सगळं कळायचं, पण हे त्यांना कसं जमणार?

उजवीकडून कुणीतरी खाकरलं.

"बसू?" शिडीवाल्याने विचारलं. तो बसला, पण बाकाच्या टोकाला. "मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. शिडीवरून पडलो तेव्हाच. आणि मी वीस तारखेपर्यंत बोललो नाही." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "वाटलं, बोललो तर तुम्ही म्हणाल, पेशंट शोधत येतो. आणि तेच म्हणालात. मग वाटलं, आता गेलो तर म्हणाल, पाठच सोडत नाही. सहा वर्षं त्या खोलीत बसतोय. लोकांचे काळे डाग त्यांच्या आधी मला दिसतात. कधी भ्यालो नाही. तुमच्या बाबतीत मात्र भ्यालो... आणि दिवस तुमचे गेले."

"डॉक्टरबाई म्हणाल्या, आठ-पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही."

"मला माहीत आहे. तरी."

ती बाटलीकडे बघत राहिली. "दया येत असेल तर आताच सांगा. मला चालेल."

"दया आली असती तर पहिल्याच दिवशी तपासणीची चिठ्ठी फाडून दिली असती आणि घरी गेलो असतो," तो म्हणाला. "चांगले खिसे कात्रीने उसवत कोण बसतं दयेपोटी?"

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. दोन्ही, सारखेच.

"आता रडू नका, औषध वाहून जाईल," म्हणत तो उठून तिच्यासमोर आला. "मान मागे. वर बघा. खालची पापणी मी धरतो..."

त्याचं बोट तिच्या गालाला टेकलं. थेंब गार होता, जरा चुरचुरला.

"आता डोळे मिटा. नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरा. दोन मिनिटं उघडायचे नाहीत."

तिने डोळे मिटले. व्हरांड्यात मावशींचा झाडू सर्र सर्र चालला होता, मग तोही लांब गेला. अंधार झाला. असाच असतो तर, तिला वाटलं. बाबांना असाच असतो. आणि त्या अंधारात एकाएकी तिला तोंड उघडणं सोपं वाटलं.

"मला खूप भीती वाटते," ती म्हणाली. "ही जाणारी भीती नाही. तीन महिन्यांनी त्या मशीनसमोर बसेन तेव्हा परत वाटेल. त्याच्या पुढच्या वेळी पण. बाबांचा हात मी धरते. उद्या माझा धरायची वेळ आली तर... तर मी कुणाला तसं अडकवणार नाही, असं मी ठरवलं होतं. एकवीस तारखेला. मग बावीसला तुम्ही आला नाहीत. तेवीसला आला नाहीत. आणि मला कळेना की मी नक्की कशाला घाबरतेय." ती थांबली. "तुम्ही मला आवडता. पेशंट म्हणून सांगत नाहीये."

पावलांचा आवाज नाही, खाकरणं नाही. कुठेतरी दार लागलं. गेला असेल. ऐकून उठून गेला असेल...

"आहेस ना?" तिने घाबरून विचारलं. 'आहात' म्हणायचं राहूनच गेलं.

"आहे."

आवाज अगदी जवळून आला. डावीकडून. तो तिच्या त्या बाजूला येऊन बसला होता, जिथलं तिला डोळे उघडूनही दिसलं नसतं. तिने मोकळा हात त्या बाजूला पुढे केला, चाचपून पाहिलं, आणि तो त्याने दोन्ही हातांत धरला.

"दोन मिनिटं झाली का?" तिने विचारलं.

"केव्हाच झाली. पाच होत आली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत होतीस."